कांडपिणीच्या घरचे

रविवार, २० डिसेंबर २००९. पनवेल. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय. कुलसंमेलन.

हजर: स्टेजवर नाना, कुळातले सर्वांत वयस्कर, वय चौऱ्याऐंशी. माईकपाशी सुहास, समितीचा चिटणीस. पहिल्या रांगेत तीन शाखांचे थोरले पुरुष, फेटे बांधून. मागे पुणे, ठाणे, बडोदा, इंदूरहून आलेली कुटुंबं. पहिल्या रांगेच्या टोकाला माझे वडील, वय सत्त्याहत्तर, इस्त्रीचा पांढरा सदरा, फेटा थोडा सैल. स्वयंपाकघराच्या दाराशी मी, हातात पंगतीची यादी.

गैरहजर: आमचे पूर्वज. ते त्या दिवशी सापडणार होते.

आडनाव इथे लिहिणार नाही. ज्यांचं आहे ते ओळखतील, बाकीच्यांना गरज नाही.

सुहास एकेका शाखेला पुढे बोलवत होता. थोरल्याने यायचं आणि माईकवर सांगायचं: आपला मूळ पुरुष कोण, आपलं देवक कोणतं. मग नाना त्याच्या खांद्यावर शाल घालणार. देवक म्हणजे लग्नाआधी घरात पुजायची कुळाची खूण. या कुळाची खूण कळंबाची फांदी. तिन्ही शाखांनी तेच सांगितलं. दर वेळी टाळ्या.

मग सुहास म्हणाला, "आणि आता पनवेलची चौथी शाखा." कार्यक्रमपत्रिकेत 'चौथी शाखा' हे शब्द मीच घातले होते. समितीत त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. समितीला माझ्या याद्या आवडायच्या.

बाबा पायऱ्या चढले. नानांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुणाचे तुम्ही?"

"रामाचा मुलगा. दगडूचा नातू."

"कुठला दगडू?"

"गावातलाच. आपलाच."

"देवक काय तुमचं?"

बाबा म्हणाले, "मुसळ."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! सगळं मुसळ केरात!"

हशा पिकला. बाबासुद्धा हसले. त्यांना वाटलं, घरच्यांनी केलेली चेष्टा आहे.

लग्नात मुसळाला हळद सगळेच लावतात. पण इतरांकडे देवक वेगळं असतं, देवापाशी बसवतात. आमच्याकडे वेगळं काही नव्हतंच. आजोबांच्या लग्नात मुसळ पुजलं, बाबांच्या लग्नात मुसळ पुजलं. देवक म्हणजे मुसळच, सगळ्यांचं, अशी आमची समजूत. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

नाना हसत नव्हते. ते आठवत होते. त्यांना आठवलं तेव्हा चेहरा उजळला. म्हातारपणी एखादं हरवलेलं नाव जिभेवर आलं की होतो तसा आनंद त्यांना झाला.

"दगडू! कांडपिणीचा दगडू! अहो, मग तसं सांगा ना!"

आणि सभागृहाकडे वळून, माईकमध्ये: "आपल्या थोरल्या घरामागे भात कांडायची पडवी होती. तिथल्या बाईचा हा दगडू. लेकावळे हो हे. घरात राबणाऱ्या बाईची पोरं. आडनाव आपलंच लावायचे, कुणी अडवलं नाही. आपले वाडवडील मनाने मोठे होते."

बोलणं जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात माझा एकही शब्द नाही.

दुसऱ्या रांगेतून एका पुरुषाचा आवाज आला, "मोठे म्हणजे! रात्रपाळीसुद्धा करायचे!"

आता बायकाही हसल्या, तोंडावर रुमाल धरून. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना मी सकाळी स्टेशनवर उतरवून घेतलं होतं. "ताई, तुमच्यामुळे सगळं कसं व्यवस्थित झालं," असं त्या मला नाश्त्याच्या वेळी म्हणाल्या होत्या.

तबकात शाल घेऊन उभा असलेला मुलगा नानांकडे बघत राहिला. नानांनी नाही म्हणून मान हलवली. तबक मागे गेलं. सुहासने बाबांच्या कोपराला हात लावून त्यांना खाली आणलं. आणि पायरीशी, माईकपासून दूर, तबकातली शाल घडीची घडी बाबांच्या हातात दिली. "काका, ही घरी घेऊन जा. स्टेजवर नको, आता पुढचा कार्यक्रम आहे."

बाबांनी शाल घेतली. "हो हो," म्हणाले. "चालेल की."

मी तिथेच उभी. स्टेजवर जाऊन माईक हिसकावला असं सांगायला मला आवडलं असतं. मी काही केलं नाही. आचारी मागून हाका मारत होता, "ताई, पहिली पंगत बसवू का?" मी म्हटलं, "बसवा." पानं मांडली गेली. मीठ, चटणी, कोशिंबीर. वाढप्यांना मी रांगा वाटून दिल्या. साखर चालत नाही त्यांची पानं कोपऱ्यात लावली. नानांना भात मऊ लागतो, तो वेगळा काढायला लावला. हात चालत होते. डोकं कुठे होतं माहीत नाही. दुसऱ्या पंगतीला कुणीतरी विचारलं, "तुमचे वडील जेवले का?" त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. बाबा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता, त्यावर शाल.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "कार्यक्रम चांगला झाला."

खांदा कॉलनीत घराखाली उतरल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला सुटे पैसे शोधून दिले, शाल काखेत धरली आणि जिना चढले. त्या रात्री त्यांनी ती अंगावर घेतली. थंडी होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

तळोज्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. बोल्टपासून बॅरलपर्यंत कुठली वस्तू कुठे आहे, किती आहे, कधी संपेल, हे माझं काम. स्वभावच तसा. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव बदललं नाही. आई गेल्यावर बाबा आणि मी. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांना एकच नाद लागला: आपण कुठले? त्यांना वडील रामा माहीत, आजोबा दगडू माहीत. त्याच्या वर कोरं. गाव त्यांनी आठव्या वर्षी सोडलं. भाताच्या गिरण्या आल्या, हातकांडप बंद झालं, रामा पनवेलच्या एका गिरणीत पोती उचलायला आले. पुढे गावाची जमीन नव्या वसाहतीसाठी गेली. उरलेले लोक आसपासच्या गावांत पांगले. गाव नकाशावरून पुसलं गेलं.

त्या वर्षी पेपरात संमेलनाची छोटी जाहिरात आली. तेच गाव, तेच आडनाव. 'समस्त कुलबंधूंना आवाहन. कुलवृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध होत आहे.' बाबांनी ती कात्रीने कापली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत घातली. मी फोन केला. सुहास म्हणाला, "वा! गावात राहिलेली एक शाखा आम्हाला सापडतच नव्हती. तुम्हीच असणार." मला पटलं. का पटू नये? आडनाव तेच होतं. मग मी समितीत गेले, पत्ते जमवले, बिल्ले छापून आणले. त्यांना काम करणारं माणूस हवं होतं. मला बाबांसाठी दगडूच्या वरचं नाव हवं होतं. पुस्तकात ते असेल, एवढंच डोक्यात होतं.

ते नाव मिळालं. नानांनी माईकवर ते घेतलं नाही, पण हशाचा अर्थ कळायला हुशारी लागत नाही. दगडूचा बाप त्याच घरातला. पडवी थोरल्या घराची, आणि ते घर तिन्ही शाखांच्या मूळ पुरुषाच्या थोरल्या मुलाचं. खोत. सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हालाच नव्हतं.

आई कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

संमेलनानंतर सुहासला मी फोनवर विचारलं, "दगडूच्या आईचं नाव नानांना आठवतंय का?" त्याने विचारून सांगतो म्हटलं आणि खरंच विचारलं. दोन दिवसांनी फोन आला. "ताई, नाना म्हणाले, कांडपीण. त्यांना विचारलं, नाव? तर म्हणाले, तेच."

जानेवारीत मी गावाच्या जागी गेले. बाबांना चल म्हटलं, ते नको म्हणाले. त्यांनी मला बोटाने टेबलावर नकाशा काढून दाखवला. इथे थोरलं घर. मागे विहीर. विहिरीपलीकडे लांबट पडवी. पडवीच्या जमिनीत दगडी उखळं पुरलेली, एका ओळीत. एकेका उखळाशी दोन बायका समोरासमोर उभ्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. "एकीचं चुकलं तर दुसरीच्या हातावर," बाबा म्हणाले. कांडप बंद पडल्यावर मुलं त्या उखळांत पावसाचं पाणी साठवून कागदाच्या होड्या सोडायची, एवढंच त्यांना स्वतःचं म्हणून आठवत होतं.

करंजाड्याच्या पुढे रिक्षा सोडली. रुंद रस्ते, वर्दळ नाही. विजेचे खांब, खांबांना दिवे, दिव्यांखाली घरं नाहीत. झाकलेली गटारं. मधे चौकोनी मोकळे प्लॉट, मुरूम टाकून सपाट केलेले, पत्र्यांनी वेढलेले. सेक्टरचे बोर्ड. एका प्लॉटच्या वॉचमनला विचारलं, इथे जुनं गाव कुठे होतं? तो बिहारहून आला होता. "गाँव? यहाँ तो शुरू से प्लॉट है मैडम."

विहीर शोधली. बुजवलेली विहीरही कुठेतरी खचते, ओल धरते, तिथलं गवत वेगळं वाढतं, असं मला वाटत होतं. तसं काही नव्हतं. टेकडी कापून आणलेला मुरूम माझ्या डोक्याहून जास्त उंचीचा भरला आहे, असं पुढे चहाच्या टपरीवर कळलं. म्हणजे गाव खाली आहे. मी गावाच्या छपरांवरून चालत होते.

स्टोअर्समध्ये वस्तू सापडत नाही तेव्हा निदान तिचा खण असतो. खण रिकामा आहे असं लिहिता येतं. इथे खणच नव्हता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले आणि परत आले. बाबांनी विचारलं, "काही दिसलं?" मी म्हटलं, "रस्ते चांगले आहेत."

टपरीवाल्यानेच हिराबायचा पत्ता दिला. शेजारच्या गावातली आगरी म्हातारी, नव्वदीची. माहेर आमच्या गावचं. आता मुलांची तीन मजली इमारत, खाली गाळे, वर भाडेकरू. ती मात्र ओट्यावर चटई टाकून बसलेली. सून चहा घेऊन आली आणि आत गेली.

"कोनाची गो तू?" हिराबायने विचारलं.

मी आडनाव सांगितलं. तिने चटईवरचा पाय जवळ ओढला. "खोताची? खोताकडचं कोनी आमच्या ओट्यावर येत नाय."

"खोतांची नाही, आजी. दगडूची पणती. कांडपिणीचा दगडू."

"आगो!" ती मोठ्याने हसली. दात नव्हते. "कांडपिनीची तू? आन चष्मा लावून फिरतेस! बस गो बस, वर बस."

संमेलनातल्या हशानंतर मी ऐकलेलं हे पहिलं हसू, जे मला लागलं नाही.

तिने त्या बाईला पाहिलं होतं. हिराबाय लहान होती, ती बाई म्हातारी. कांडायची ताकद गेली होती. पडवीच्या टोकाला बसून कोंडा पाखडायची. हाताचे तळवे लाकडासारखे. पोरं जाऊन त्यांवर टिचक्या मारायची, वाजतात का बघायला. खोताच्या घरून तिला रोज ओंजळभर कण्या मिळायच्या, तुटलेले तांदूळ. भर पावसात मेली तेव्हा तिला अंगणातून नेऊ दिलं नाही, मागच्या चिखलातून नेली.

"तिचं नाव काय होतं, आजी?"

"नाव?" हिराबाय विचारात पडली. "तिला आमी कांडपीनच म्हनायचो. माझी आयपन तेच म्हनायची. नाव इचारायला कोन बसलंय? कंबर मोडेस्तोवर काम."

"कुठली होती?"

"खारीपल्यारची. होरीत घालून आनलेली. दोगी भयनी व्हत्या. एकाच उकलावर दोगी कांडायच्या. धाकटी लवकर मेली."

"आणलेली म्हणजे? कुणी आणलेली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिच्या सुनेच्या वयाची नसून नातीच्या वयाची असावी. "खोतानं. आजून कोन आनील? त्यांची होरी, त्यांची खारी. कुठंतरी बापानं भात घेतलं आसंल, फिटलं नसंल."

"वय काय होतं तिचं?"

"पोरीच व्हत्या म्हनत. परकरातल्या."

तिने चहाचा पेला बशीत उपडा केला. "तुला भात देऊ काय गो? घरचा हाय. शेवटचा. आता जमिनी गेल्या."

परकरातल्या. मी घरी आले आणि पायरीशी हातात आलेली ती शाल बाबांच्या खाटेवरून काढावी असं मला वाटलं. बाबा ती पांघरून झोपले होते. मी काढली नाही.

सभागृहात ते रात्रपाळी म्हणाले. सगळे हसले. एक बाजू मजा करणारी, दुसरी बाजू तयार असलेली, असा तो हशा होता. आणि इथे एक मुलगी, होडीत घालून दुसऱ्या काठावर आणलेली, दिवसभर मुसळ उचलणारी, रात्री कडी नसलेल्या पडवीत झोपणारी. तिला मुलगा झाला. त्याचं नाव दगडू ठेवलं. आधीची गेली असतील तर पुढचं जगावं म्हणून ठेवतात ते नाव. म्हणजे आधीचीही असतील. आम्ही चार पिढ्या जे आडनाव मिरवलं ते त्या पडवीत उगवलं.

मी बाबांना सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "दोघी बहिणी होत्या? एकीचं चुकलं तर दुसरीच्या हातावर बसत असेल." आणि टीव्ही लावला.

मार्चमध्ये सुहास घरी आला. पेढे घेऊन. पुस्तक छापायला जात होतं. संमेलनात झालं ते बरोबर झालं नाही, असं त्याचं म्हणणं. समितीत चर्चा झाली, मार्ग निघाला. पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण: 'आश्रित घराणी'. त्यात आमचं नाव, बाबांचा फोटो, दोन ओळी. "नाना सुरुवातीला तयार नव्हते. मी भांडलो, ताई." तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच भांडण केलं असणार. आणि जाता जाता त्याने बॅगेतून जाड गठ्ठा काढला. "शेवटचं तपासायला वेळ आहे का? तुमची नजर फार चांगली आहे."

मी म्हटलं, "छापायचं तर पूर्ण छापा. खाडीपलीकडून होडीत घालून आणलेली परकरातली मुलगी. कुणी आणली, त्याचं नाव. मुलगा दगडू, कुणापासून झाला, त्याचं नाव. मग आमचं."

त्याने पेढ्यांचा पुडा उगाच सरळ केला. "ताई, हा कुलवृत्तांत आहे, कोर्टाचं काम नाही. घरातली लहान मुलं वाचणार. आणि पुरावा काय?"

"आश्रित छापायला कोणता पुरावा घेतलात?"

"ते कसं आहे... ते सगळ्यांना माहीतच आहे ना."

"मग हेही माहीत आहे. नानांनी माईकवर सांगितलं. तुम्ही सगळे हसलात."

तो उठला. मी गठ्ठा त्याच्या हातात परत दिला. "आमचं नाव काढून टाका. आम्ही कुणाच्या आश्रयाला नव्हतो. आम्ही तुमचं भात कांडत होतो. तुम्ही जेवत होतात ते आमच्या हातचं. आश्रित कोण ते बघा एकदा."

हे बोलायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली असं म्हणता येईल. पण बोलताना आवाज चढला नाही. स्टोअर्समध्ये खराब माल परत पाठवताना बोलते तसं बोलले.

मग आतून बाबा म्हणाले, "माझं राहू दे."

ते दारात आले होते. लुंगी, बनियन, खांद्यावर ती शाल.

"काय?" मी म्हटलं.

त्यांनी सुहासला सांगितलं, "हिचं काढ. माझं राहू दे. शेवटच्या पानावर का असेना." मग माझ्याकडे न बघता, "मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. दुसरं पुस्तक कोण छापणार माझं?"

सुहास माझ्याकडे बघत उभा. मी काय करणार होते? माझं नाव माझं आहे. ते मी काढू शकते. वडिलांचं नाव त्यांचं. सुहास गेल्यावर आम्ही एकमेकांशी दोन दिवस बोललो नाही. मी डबा करत होते, चहा करत होते, औषधं काढून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पासपोर्ट फोटो काढायला स्टुडिओत घेऊन गेले. त्यांनी कोट घातला.

पुस्तक आलं. जाड, चकचकीत कव्हर, आत झाडाचं चित्र, फांदीफांदीवर नावं. झाडात आम्ही नाही. शेवटी आश्रित घराण्यांत बाबांचा फोटो, बोटाच्या पेराएवढा. खाली: 'पूर्वी थोरल्या घरी सेवेत असलेल्या कुटुंबातील.' बाबा ते पान उघडून भिंग धरून बघायचे. आल्यागेल्याला दाखवायचे. मी पाणी आणायला आत जायचे. याच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, आजही नाही. त्यांना अपमान कळत नव्हता असं नाही. तो कळूनही त्यांनी फोटो निवडला. मला ते अजून पूर्ण समजलेलं नाही आणि समजलं असं मी लिहिणार नाही.

माझं काम मी वेगळं सुरू केलं. होडीने आणलेल्या दोघी बहिणी. एवढा धागा. सुट्टीच्या दिवशी मी खाडीपलीकडे, उरणच्या बाजूच्या गावांत जायला लागले. देवळाच्या पारावर, मासळी विकणाऱ्या बायकांत, ज्यांचं वय दिसतं त्यांच्याकडे. प्रश्न एकच: तुमच्या घरातल्या, भावकीतल्या कुणा दोन मुली पूर्वी पलीकडच्या खोताने नेल्या होत्या का?

सुरुवातीला मी चूक करत होते. ओळख सांगताना आडनाव सांगत होते. एका गावात एक म्हातारा उखळासारखा ढिम्म बसून ऐकत होता. आडनाव ऐकलं आणि काठी टेकून उठला. "खोताची पोर? तुमचं काम हिकडं काय राहिलंय? नेलं नाय ते न्यायला आलीस?" घरातून एक बाई आली, म्हणाली, "जावा बाय तुमी." दार लावलं.

मी बाहेर उन्हात उभी. पनवेलच्या सभागृहात मला त्या आडनावातून बाहेर काढलं. इथे त्याच आडनावासाठी हाकललं. दोन्हीकडे एकच नाव, दोन्हीकडे दार बंद. मला तेव्हा रडू आलं नाही. मला हसू आलं.

त्या दिवसापासून मी आडनाव सांगत नाही. "कांडपिणीच्या घरची," म्हणते. लोक बस म्हणतात. पाणी देतात. कुणाला कुणाची आत्या आठवते, कुणाला पणजीची बहीण. मुली गेलेली घरं खूप निघतात. होडीतून, बैलगाडीतून, पायी. एकीला दिलं, एक परत आलीच नाही, एकीचं नाव घ्यायचं नाही असं सासऱ्याने सांगितलं होतं. पण दोघी, एकत्र, त्या काठावर, असं अजून कुणी म्हणालं नाही. आणि म्हातारी माणसं संपत चालली आहेत. गेल्या हिवाळ्यात हिराबाय गेली. ज्या गावात पुढच्या महिन्यात जाऊ म्हणते, तिथल्या ओट्यावरचं माणूस तोवर असेलच असं नाही. माझी कामाची पद्धत इथे चालत नाही. वेळ माझ्या हातात नाही, जागा हातात नाही, माणूस हातात नाही.

आता २०१४ आहे. बाबा ब्याऐंशीचे. परवा रविवारी मी चपला घालत होते, तेव्हा खाटेवरून म्हणाले, "त्या दोघींची नावं कळली का?"

त्यांनी स्वतःहून कधी विचारलं नव्हतं.

"नाही अजून."

"बघ," ते म्हणाले. "पण लवकर बघ."

आमच्या घराची वंशावळ मी कारखान्यातल्या मोठ्या कागदावर काढली आहे. सर्वांत वर दगडूच्या आईची जागा, शेजारी तिच्या बहिणीची. दोन्ही रिकाम्या. त्यांच्यापासून खाली रेघ येते: दगडू, रामा, बाबा, मी. खोताची जागा मी काढलेली नाही. त्याचं नाव मला माहीत आहे, जन्मसालासकट, जाड पुस्तकात आहे. ते मी लिहिणार नाही. मी मेल्यावर कुणी लिहू नये म्हणून कागदाच्या खाली तसं लिहून सही केली आहे. आणि आडनाव सोडण्याचा अर्ज बाबांच्या हयातीत करणार नाही. त्यांच्यानंतर ज्या दिवशी पुन्हा कामाला लागेन, त्या दिवशी पहिलं काम ते.

उरलेलं: खाडीच्या तोंडाशी, बंदराजवळची तीन गावं. तिथे अजून गेले नाही.